मार्गालगतचा कठडा : एका कसोटीचा इतिहास

सिन्नर हे यादवांच्या आरंभीच्या काळापासून ख्यात असलेले नगर होय. आज नाशिक–पुणे व घोटी–शिर्डी हे मार्ग येथे एकत्र येतात. आणि २६ मे २०२३ रोजी शिर्डी ते भरवीर हा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गही या तालुक्यातून जातो. अशा मार्गांच्या कडेचा पन्हळी पोलादी कठडा नित्याच्या पाहण्यातला असल्याने त्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः त्यामागे एक महत्त्वाचे विचारपरिवर्तन आहे. कठड्याची योग्यता नजरेने न ठरविता प्रत्यक्ष आघाताने पारखावी, हा तो विचार होय. त्याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

सह्याद्रीच्या घाटांतील जुने दगडी कठडे बैलगाडीच्या गतीस पुरेसे होते. मोटारीने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. भक्कम भिंत वाहन अडविते खरी. परंतु वाहनाची गती क्षणार्धात नाहीशी झाल्यास तो धक्का आतील माणसाच्या देहास सोसावा लागतो. म्हणजे कठडा हाही एक अडथळाच ठरतो. दरीत कोसळण्यापेक्षा त्यावर आदळणे कमी घातक असेल, तेथेच तो उभारणे योग्य.

१९३४ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था त्याच वर्षी जन्मास आली. आणि त्याच वर्षी अमेरिकेत जनरल मोटर्सने मोटार भिंतीवर आदळवून आघात-चाचण्यांस प्रारंभ केला. पुढे १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील अभियंत्यांनी दुभाजक कठड्यांवर मोटारी सोडून त्यांची परीक्षा केली. या प्रयोगांसाठी समान नियम असावेत म्हणून १९६२ साली अमेरिकेच्या हायवे रिसर्च बोर्डाने अवघ्या एका पानाचे परिपत्रक काढले. १९९३ च्या नियमावलीत कसोटीच्या सहा पातळ्या ठरल्या.

या नियमावलीतील एका प्रमुख चाचणीत २,००० किलोग्रॅम वजनाचे वाहन ताशी १०० किलोमीटर वेगाने, २५ अंशांच्या कोनात कठड्यावर आदळविले जाते. अशा तिरप्या धडकेत कठड्याच्या लंब दिशेने येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या सुमारे १८ टक्केच असते. कठड्याने तेवढी पचवावी, स्वतः वाकावे आणि वाहनास मार्गाच्या दिशेने वळवावे, ही अपेक्षा. लवचीकपणा हा येथे दोष नसून गुण आहे.

नजरेचा अंदाज किती फसवा असतो, हे कठड्याच्या टोकावरून कळते. उघडे टोक भाल्याप्रमाणे मोटारीत घुसे. म्हणून १९६० नंतरच्या दशकात ते उतरते करून जमिनीत पुरण्याची युक्ती रूढ झाली. युक्ती निर्दोष वाटली. पण त्या उतारावरून मोटार वर चढून उलटते, असे अनुभवास आले.

भारतात इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ साली सुरक्षा-कठड्यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. मार्च २०२३ मध्ये विदर्भातील वणी–वरोरा मार्गावर २०० मीटर लांबीचा बांबूचा कठडा बसविण्यात आल्याचे जाहीर झाले. त्याची चाचणी इंदूरजवळील पिथमपूर येथील राष्ट्रीय संस्थेत झाली होती. बांबू पोलादाची जागा घेऊ शकतो की नाही, याचा निवाडा वादाने नव्हे, आघाताने करावयाचा, ही पद्धती येथे रुजू लागल्याची ही खूण होय.

तथापि कसोटी जेवढ्यापुरती घेतली, तेवढ्यापुरताच तिचा निर्णय खरा. समृद्धी महामार्गावर मोटारींस ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. १०० ऐवजी १२० च्या वेगाने होणाऱ्या धडकेत ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. शिवाय या चाचण्या चारचाकी व त्याहून मोठ्या वाहनांच्या आहेत. भारतात २०२२ साली रस्ते-अपघातांत मरण पावलेल्या १,६८,४९१ व्यक्तींपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होत्या. घसरत आलेल्या दुचाकीस्वारास पन्हळी पत्रा वाचवीत नाही; त्याचे खांबच त्याला घातक ठरतात. सिन्नरच्या कारखान्यांकडे रोज दुचाकीने जाणारा कामगार या कसोटीच्या कक्षेबाहेर राहिला आहे. त्याला कक्षेत आणणारी चाचणी येथील वाहतूक पाहूनच रचावी लागेल.