वापरात नसलेल्या क्रेडिट कार्डाने सिबिल खराब होतो का? जाणून घ्या नियम

उल्हासनगर : अंबरनाथ-बदलापूरला फ्लॅट बघायला गेलेल्या माणसाला आता बजेटच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो, सिबिल किती? उल्हासनगरच्या जीन्स कारखान्याला नवीन मशीन घ्यायचे असो, नाहीतर गावाकडच्या पोराला हप्त्यावर मोटारसायकल, आकडा सगळीकडे तोच मागतात. मग आठवते, की कुणाच्या तरी टार्गेटपायी घेतलेले एक क्रेडिट कार्ड कपाटात तसेच पडून आहे. त्याचा फटका बसतो का?

थोडक्यात उत्तर असे, की कार्ड नुसते पडून राहिले म्हणून आकडा घसरत नाही. सिबिल हे सरकारी खाते आहे असा अनेकांचा समज आहे. तसे नाही, ती २००० साली मुंबईत सुरू झालेली कंपनी आहे. एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या आणखी तीन कंपन्याही हेच काम करतात. स्कोअर ३०० ते ९०० असतो, ७५० च्या वर असला की बँकवाले नीट बोलतात.

पडून असलेले कार्ड उलट थोडे कामालाच येते. समजा, एका कार्डाची मर्यादा ५० हजार आणि दुसऱ्याची १ लाख आहे. दुसरे वापरतच नाही, पहिल्यावर महिन्याला ३० हजार खर्च होतात. दीड लाखातले ३० हजार म्हणजे वापर २० टक्के. आता "कशाला हवे लफडे" म्हणून दुसरे कार्ड बंद केले, तर तोच खर्च ५० हजारांतला झाला, म्हणजे ६० टक्के. खर्च एका पैशानेही वाढला नाही, पण कागदावर माणूस कर्जावर जगतोय असे दिसते. हा वापर साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असे सांगतात. म्हणून घराच्या कर्जाचा अर्ज करायच्या तोंडावर जुने कार्ड बंद करू नये.

खरी गोम वार्षिक फीमध्ये आहे. कार्ड घासले नाही तरी फी लागते, तिच्यावर दंड आणि व्याज चढते. मोबाइल नंबर बदललेला असला तर बिलाचा मेसेजही येत नाही. मुदत संपून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले, की बँक ते खाते थकीत म्हणून कळवू शकते. काहीशे रुपयांच्या फीपायी लाखांचे कर्ज अडायचे ते असे.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार एक वर्षाहून जास्त काळ न वापरलेले कार्ड बंद करण्याआधी बँकेने ग्राहकाला कळवायचे असते. ३० दिवसांत उत्तर आले नाही आणि बाकी काही नसेल, तर कार्ड बंद होते. ते चालू ठेवायचे तर अधूनमधून मोबाइल रिचार्ज किंवा लाइटबिल त्यावर भरून पूर्ण रक्कम वेळेत फेडली तरी पुरते. बंदच करायचे असेल तर बाकी शून्य करून लेखी अर्ज द्यावा. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने बंद केले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही.

किसान क्रेडिट कार्डाची यात गल्लत करू नये. १९९८ पासूनची ती योजना म्हणजे पीककर्जाचे खाते आहे. मात्र ते थकले तर तेही रिपोर्टमध्ये दिसते.

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात बंद केलेले कार्ड चालू दिसत असेल तर बँकेकडे आणि त्या कंपनीकडे तक्रार करावी. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. तक्रारीची पोच मात्र जपून ठेवावी.