परग्रहावरील सोबत

परग्रहावर जाऊन अडकलेल्या माणसांचा एखादा जुना, अपुऱ्या भांडवलावर काढलेला चित्रपट विद्यार्थ्यांस दाखविला, की पहिल्या दहा मिनिटांतच ते हसू लागतात. त्यांच्या हसण्यास कारण नाही, असे नव्हे. तथापि ज्या चित्रांस आपण हसतो, त्यांतच ती काढणाऱ्या समाजाचे मन कित्येकदा अधिक निर्मळपणे उमटलेले असते, असे आम्हांस वाटते. याचा पुरावा शोधण्यास मुंबईच्या उपनगरांपलीकडे फारसे जावे लागत नाही.

अंधेरीच्या प्रकाश पिक्चर्सने १९३७ साली विजय भट्ट यांच्या दिग्दर्शनाखाली ‘ख्वाब की दुनिया’ हा बोलपट काढला. अदृश्य मनुष्याची ही कल्पना १९३३ सालच्या एका अमेरिकन चित्रपटावरून सुचलेली. हॉलिवूडची यंत्रसामग्री येथे कोठून असणार? बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या दोऱ्याने वस्तू हलविल्या. पडद्यावर दोरा दिसेना, वस्तू मात्र आपोआप चालू लागल्या! तेव्हापासून ‘काला धागा’ हे नाव त्यांस चिकटले. पैशाची उणीव युक्तीने भरून काढण्याची ही विद्या आमच्या स्टुडिओंनी पुढे पुष्कळ वर्षे जोपासली.

पुढे १९६७ साली टी. पी. सुंदरम् यांचा ‘चाँद पर चढाई’ आला. यात दारासिंग अंतराळवीर झाले आहेत आणि त्यांचे साहाय्यक आहेत आपले भगवानदादा. गिरणी कामगाराचा हा मुलगा. चेंबूरला स्वतःच्या स्टुडिओचा धनी झाला, ‘अलबेला’ने कीर्तीस चढला आणि अखेर पडद्यावर का होईना, चंद्रावरही पोहोचला! तेथे या दोघांस योद्धे भेटतात, राक्षस भेटतात, आणि दारासिंगांस मल्लयुद्धास प्रतिस्पर्ध्यांची वाण पडत नाही. शास्त्राच्या कसोटीस यातले काहीही उतरत नाही. दोनच वर्षांनी, १९६९ च्या जुलैत, मनुष्य खरोखरच चंद्रावर उतरला, तेव्हा तेथे धूळ आणि दगड यांवाचून कोणीही नव्हते.

परंतु याच्या तीनच वर्षे आधी, १९६४ साली, अमेरिकेत ‘रॉबिन्सन क्रूसो ऑन मार्स’ निघाला होता. त्यातील वीर मंगळावर अडकतो. आरंभी सोबतीस एक माकड तेवढे. मंगळाच्या ठिकाणी कॅलिफोर्नियातील ‘डेथ व्हॅली’चे वाळवंट उभे केले आहे. डॅनियल डीफोने १७१९ साली रॉबिन्सन क्रूसोस निर्जन बेटावर टाकले, त्याचाच हा वारसा. आमच्या कथाकारांस मात्र लोक म्हटला की तेथे कोणीतरी वस्ती करून असलेच पाहिजे. पुराणांतला चंद्रलोक काय, पाताळ काय, रिकामे कधीच नसतात. चाळीत वाढलेल्या प्रेक्षकास शत्रूने वेढलेला चंद्र पटला असता. निर्मनुष्य चंद्र पटणे कठीण होते.

आता २०१९ सालचा आरती कडव यांचा ‘कार्गो’ पाहावा. हाही थोडक्या भांडवलाचा. यानाचे नाव ‘पुष्पक’, नायकाचे नाव रावणाच्या सेनापतीचे, प्रहस्त. म्हणजे पुराण सुटलेले नाही. मृतांस पुनर्जन्मासाठी सिद्ध करण्याचे काम हा प्रहस्त वर्षानुवर्षे एकटाच करीत आला आहे. त्याच्याकडे रोज माणसे येतात, परंतु येतात ती स्मृती पुसून निघून जाण्यासाठी. आणि साहाय्यिका येते, तेव्हा सोबत हीच त्यास अडचण वाटू लागते. तो कोठे अडकलेला नाही. तरी क्रूसोहून अधिक एकाकी आहे.

या दोन चित्रांच्या मधल्या बावन्न वर्षांत आमची उपनगरे चाळींतून बंद दारांच्या सदनिकांत गेली. दोन चित्रांवरून समाजाचा सिद्धांत बांधू नये, हे आम्ही जाणतो. तरी पुढच्या वेळी विद्यार्थी भगवानदादांच्या चंद्रास हसतील, तेव्हा त्यांस न थांबविता आम्ही एवढेच विचारू: उद्या तुम्ही चित्रपट काढलात आणि त्यातला मनुष्य परग्रहावर अडकला, तर त्यास भेटावयास तुम्ही कोणास पाठवाल?