कारंजाचे बघेरवाल व तेथील पोथीभांडारे

पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन लोक नव्या बेटाकडे निघताना होडीत अळूचे कंद व कोंबड्या घेत, आणि पूर्वजांच्या वंशावळ्या मुखोद्गत ठेवीत, हे प्रसिद्धच आहे. वऱ्हाडातील कारंजास (हल्लीचा वाशीम जिल्हा) दूरदेशाहून येऊन राहिलेल्या लोकांनी बरोबर काय आणिले, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

‘लाड कारंजा’ हे नावच लाट देशाकडे, म्हणजे दक्षिण गुजराथेकडे, बोट दाखविते. बघेरवाल मात्र राजस्थानचे. अजमेर प्रांतातील बघेरा हे त्यांचे मूलस्थान असून चितोडचा जैन कीर्तिस्तंभ त्यांच्यापैकीच जीजाने बांधविला. व्यापाराने कारंजा किती संपन्न झाले होते याची साक्ष इ. स. १६७० ची मराठ्यांची स्वारी देते. सुरतेपाठोपाठ शिवछत्रपतींच्या फौजेची दृष्टी याच पेठेकडे वळली. इतिहासकार बहुधा या लुटीपाशीच थांबतात. आमच्या मते कारंजाची खरी मिळकत बैलांवर लादून नेण्याजोगी नव्हती.

बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ या तिन्ही भट्टारक-परंपरा या एका गावात नांदल्या. शास्त्रदान हे श्रावकांचे पुण्यकर्म. ग्रंथ लिहवून मंदिरास अर्पण करावयाचा हा परिपाठ. दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटास पुष्पदंताने रचिलेली अपभ्रंश काव्ये वऱ्हाडात टिकून राहिली ती अशाने. रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीने या भांडारांकडे विद्वानांचे लक्ष वेधिले. पुढे कारंजाच्याच अंबादास चवरे ग्रंथमालेत १९३१ साली परशुराम लक्ष्मण वैद्यांनी ‘जसहरचरिउ’, व देवेंद्रकीर्ति जैन ग्रंथमालेत १९३३ साली हीरालाल जैनांनी ‘णायकुमारचरिउ’ संपादिले. पेढीच्या पैशाने पोथी राखिली, आणि पेढीच्याच पैशाने ती छापून निघाली!

हे लोक वऱ्हाडात परके राहिले नाहीत. अठराव्या शतकात कारंजाच्या गादीवरील देवेंद्रकीर्तींचे शिष्य जिनसागर यांनी मराठीत काव्यरचना केली, यावरून येथील भाषा त्या गादीची होऊन गेली होती हे उघड होते.

संग्राहकांस एक विनंती. अशा पोथ्यांची सूची करिताना ग्रंथनाम व पत्रसंख्या टिपून पुष्पिका सोडून देण्याची चाल फार वाईट. संवत्, गाव, गण, गच्छ, दात्याचे गोत्र, सारे त्या शेवटल्या चार ओळींतच असते; आणि देशांतराचा माग लागावयाचा तर तो तेथेच लागेल. ज्यांच्या संग्रही कारंजाकडील पोथ्या असतील त्यांनी पुष्पिका जशाच्या तशा, अशुद्धांसह, उतरून कळवाव्यात.