टेबलाखालच्या तीन रेकॉर्डी

तुमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर कधी ना कधी येऊन गेलाच असेल. सूरश्री केसरबाई केरकरांचा कृष्णधवल फोटो, शेजारी व्हॉयेजर यानाचं चित्र आणि खाली 'प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटावा' अशा अर्थाच्या चार ओळी. मजकूर खोटा नाही. १९७७ साली नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली. दोन्हींवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात साऱ्या जगातून निवडलेल्या २७ संगीतरचना आहेत आणि त्यांतली एक केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. जेमतेम साडेतीन मिनिटांची.

हा मजकूर पुढे पाठवणारे एक गोष्ट मात्र सांगत नाहीत, कारण बहुतेकांना ती माहीतच नसते. ही रेकॉर्ड न्यूयॉर्कभर शोधूनही मिळत नव्हती. मिळाली ती एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात. आणि ते दुकान मुळात विजेची उपकरणं विकणारं होतं.

मी पोस्टडॉक म्हणून ध्वनिमुद्रणाच्या इतिहासावर काम करते. या विषयात कंपन्यांची कागदपत्रं मिळतात, गायकांची चरित्रं मिळतात, यंत्रांची पेटंटं तर ढिगाने मिळतात. रेकॉर्ड विकत घेणारा माणूस मात्र कुठेच सापडत नाही. त्याने काय घेतलं, घरी नेऊन कोणाला ऐकवलं, 'हे तू ऐकलंच पाहिजेस' असं कोणाला बजावलं, याची नोंद कोण ठेवणार? रेकॉर्डींचा खरा प्रवास तर अशाच बोलण्यातून होतो. केसरबाईंच्या भैरवीची गोष्ट अपवाद आहे, कारण ज्या बाईने ती शोधली तिने सगळं लिहून ठेवलं.

ती बाई म्हणजे अ‍ॅन ड्रुयान. तबकडीची कल्पना कार्ल सेगन यांच्या समितीची, आणि ड्रुयान त्या कामाच्या सर्जनशील दिग्दर्शक. तबकडी कशी घडली ते या मंडळींनी १९७८ मध्ये 'मर्मर्स ऑफ अर्थ' या पुस्तकात सांगितलं. पुस्तक वाचताना सतत जाणवतं ते हे, की 'पृथ्वीचं संगीत' निवडण्याचं काम जागतिक महासभेसारखं झालंच नाही. ते झालं बरंचसं फोनवर. जाणकाराला फोन लावायचा आणि विचारायचं, तुमच्या संगीतातलं एकच पाठवायचं तर काय पाठवाल? चिनी संगीतासाठी ड्रुयाननी कोलंबिया विद्यापीठातले संगीतकार चौ वेन-चुंग यांना असंच विचारलं. त्यांनी क्षणात 'लिऊ शुई' हे गुचिन वाद्यावरचं वादन सुचवलं. साडेसात मिनिटांहून जरा जास्त लांबीचा हा तुकडा तबकडीवर सगळ्यांत मोठा ठरला. (याच शोधाच्या गडबडीत एका फोनवर सेगन आणि ड्रुयान यांनी लग्न करायचं ठरवलं. पण ते असो.)

भारतीय संगीतासाठी फोन गेला रॉबर्ट ब्राउन यांना, आणि इथे गोष्ट गमतीची होते. ब्राउन हे संगीतशास्त्राचे अमेरिकन प्राध्यापक. त्यांचा डॉक्टरेटचा अभ्यास मृदंगमचा, म्हणजे कर्नाटक संगीतातला. वेस्लियन विद्यापीठात त्यांनी दक्षिण भारतीय संगीताचं शिक्षण रुजवलं आणि 'वर्ल्ड म्युझिक' ही संज्ञा चलनात आणण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं. जावाच्या राजदरबारातलं गामेलान त्यांनीच ध्वनिमुद्रित केलं होतं, आणि त्यातलाही एक तुकडा व्हॉयेजरवर आहे. अशा माणसाने मद्रासकडचं नाव सुचवलं असतं तर कोणालाच नवल वाटलं नसतं. रविशंकर म्हटले असते तर काम तासाभरात झालं असतं, कारण १९७७ मध्ये अमेरिकेतल्या कुठल्याही बऱ्या दुकानात त्यांच्या रेकॉर्डी होत्या. ब्राउननी यादीच्या डोक्यावर नाव घातलं ते गोव्यातल्या केरी गावच्या एका गायिकेचं, आणि तेही तिच्या एका विशिष्ट रेकॉर्डसकट.

रेकॉर्ड जुनी होती, कंपनीच्या यादीतून केव्हाच गेलेली. ड्रुयाननी दुकानांमागून दुकानं पालथी घातली, ग्रंथपाल आणि प्राध्यापकांना विचारून पाहिलं. हातात दिवस उरले होते तीन. शेवटी त्यांनी ब्राउनना फोन करून विचारलं की दुसरा एखादा राग सुचवा. ब्राउन म्हणाले, हीच शोधा. पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. यादीत दुसऱ्या क्रमांकावर काय आहे असं विचारलं तेव्हाही त्यांनी हेच नाव घेतलं.

मला हा हट्ट फार मोलाचा वाटतो. 'भारतीय संगीत' नावाचा एक कप्पा भरायचा आहे आणि त्यात काहीही चांगलं चालेल, हे ब्राउनना मान्य नव्हतं. तुम्हीही असा एखादा मित्र पाहिला असेल. तुम्ही म्हणता, अरे तसलंच काहीतरी दे ऐकायला. आणि तो म्हणतो, 'तसलंच' काही नसतं, हेच ऐक. असे मित्र त्रासदायक असतात हे खरं.

अखेर समितीला पत्ता लागला की लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर, विसाव्या ते तिसाव्या रस्त्यांच्या दरम्यान, उपकरणांचं एक दुकान आहे आणि तिथे अधूनमधून भारतीय रेकॉर्डीही असतात. न्यूयॉर्कच्या वाचकांना हा भाग ठाऊकच आहे. 'करी हिल' म्हणतात तो. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दरवाजे आशियाई लोकांसाठी रुंद झाले, डॉक्टर-इंजिनियर येऊ लागले आणि त्यांच्यामागोमाग त्यांना लागणाऱ्या वस्तू. अमेरिकेतली ११० व्होल्टची वस्तू भारतात चालत नाही, म्हणून सुट्टीला घरी जाणारी मंडळी २२० व्होल्टची उपकरणं खास भारतीय दुकानांतून घेत. अशा दुकानात एका भिंतीला मिक्सर आणि इस्त्र्या, दुसरीला अगरबत्ती, साड्या, मासिकं आणि कुठल्यातरी कोपऱ्यात रेकॉर्डी, असा एकूण मामला असे. आपल्यातल्या जुन्या लोकांना विचारा, त्यांना त्या दुकानांचा वाससुद्धा आठवतो.

तर त्या दुकानात एक पत्त्यांचं टेबल होतं, वर मद्रासी कापड टाकलेलं. त्याखाली खोकं, आणि खोक्यात 'जात कहाँ हो'च्या तीन प्रती, तिन्ही न उघडलेल्या. ड्रुयाननी तिन्ही मागितल्या. एकाच रेकॉर्डच्या तीन प्रती ही बाई का नेते आहे यावर मालकमंडळींत बरीच चर्चा रंगली. ती तशीच सोडून त्या धावतपळत रेकॉर्ड ऐकायला गेल्या आणि ऐकल्यावर ब्राउनना फोन करून पुन्हा पुन्हा आभार मानत राहिल्या.

हा प्रसंग ऐकवला की लोक हसतात, खूष होतात, 'बघा, शेवटी आपलंच दुकान कामाला आलं' म्हणतात. ते बरोबरच आहे. त्या कुटुंबाने ते खोकं मागवलं नसतं, किंवा विकलं जात नाही म्हणून फेकलं असतं, तर ब्राउनचा हट्ट हवेत विरला असता. पण मी दरवेळी 'न उघडलेल्या' या शब्दापाशी अडखळते. तीन न उघडलेल्या प्रती म्हणजे तीन न विकल्या गेलेल्या प्रती. त्या दुकानात येणारे मिक्सर नेत होते आणि केसरबाई टेबलाखाली होत्या. आज अभिमानाने पुढे जाणाऱ्या त्या मजकुराच्या मुळाशी, आपण विकत न घेतलेली एक रेकॉर्ड आहे.

यात नुसतं दूषण देण्यासारखं काही नाही. नव्या देशात आलेल्या माणसाला आधी ओळखीचं गाणं हवं असतं, आणि ओळखीचं म्हणजे सिनेमाचं. शिवाय केसरबाईंचं गाणं रेकॉर्डवरून ओळखीचं होण्याइतकं रेकॉर्डवर होतंच कुठे? लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ, मग रामकृष्णबुवा वझे, काही काळ भास्करबुवा बखले आणि १९२१ पासून अल्लादिया खाँ, असा त्यांचा तालमीचा प्रवास. यांतल्या भास्करबुवांचा आवाज एकाही रेकॉर्डवर नाही. खुद्द अल्लादिया खाँसाहेबांचाही नाही. म्हणजे जयपूर-अत्रौली गायकीच्या उगमाचा आवाज आपल्याकडे नाहीच, आहे तो शिष्यांचा. त्यात केसरबाईंचा बाणा असा की गाणं समोर बसून ऐकायचं. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी त्या गायल्या, पण यंत्रापुढे गाण्याची त्यांना फारशी हौस नव्हती, असंच जाणकार सांगतात. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. जी बाई एक राग तासभर मांडते तिला तीन मिनिटांत 'आटपा' म्हणणं, हे मैफलीत मधेच दिवे घालवण्यासारखं होतं. आणि भैरवी तर आपल्याकडे मैफलीच्या शेवटी गातात. परग्रहावरच्या श्रोत्याची आपण सुरुवातच भैरवीने केली आहे, हे त्याला कोणी समजावायचं!

रेकॉर्डींच्या याद्यांचा हिशेब साधा असतो: खप नाही, तर पुढच्या वर्षी नाव नाही. १९७७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर न्यूयॉर्कमध्ये हा शोध चालू होता तेव्हा केसरबाई मुंबईत हयात होत्या, ८४ वर्षांच्या. जाहीर गाणं साठच्या दशकातच थांबलं होतं. व्हॉयेजर-२ निघालं २० ऑगस्टला, व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

मग यादीतून गेलेल्या रेकॉर्डी सांभाळल्या कोणी? मुख्यतः नादिष्ट माणसांनी. मुंबईच्या चोरबाजारात रविवार घालवणाऱ्या, बायकोची बोलणी खाणाऱ्या, पलंगाखाली हजारो तबकड्या रचणाऱ्या लोकांनी. १९९० मध्ये अशा मंडळींनी मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' काढली. सुरेश चांदवणकर तिचे सचिव, पेशाने टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. त्यांच्या 'द रेकॉर्ड न्यूज'चे अंक मी संशोधनासाठी चाळायला घेतले आणि वाचतच बसले. कोणाला काय सापडलं, कोणाकडे कोणती बाजू आहे, या लेबलाचा रंग असा का, अमक्या बाईंचं नाव दोन रेकॉर्डींवर दोन तऱ्हांनी का छापलंय. श्रवणाच्या बैठकीत एकाने आणलेली तबकडी दहा जणांनी ऐकायची, आणि अकरावा म्हणायचा की याची दुसरी बाजू माझ्याकडे आहे.

वरवर पाहता हा छंद. पण आज भारतीय ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाबद्दल आपण जे ठामपणे बोलतो, त्यातलं पुष्कळ या गप्पांतून आलेलं आहे. जुन्या तबकडीवर लेबल आणि खाचा यांच्या मधल्या पट्टीत बारीक आकडे कोरलेले असतात. ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या तबकड्यांत त्या आकड्यामागे एक अक्षरही असतं, आणि त्यावरून ध्वनिमुद्रण कोणी केलं ते कळतं. असे आकडे एकाखाली एक मांडले की एका दौऱ्यात कोण कोणाच्या आधी गायलं ते उलगडतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये पुस्तकरूपाने काढली. माझ्या टेबलावर ती कायम उघडी असते. अशी सूची कंपनीच्या कागदांवर एकट्याने पुरी होत नाही. कोणाच्या तरी घरात ती तबकडी असावी लागते आणि त्याने 'माझ्याकडे आहे' असं सांगावं लागतं.

व्हॉयेजरच्या तबकडीवर मराठी बोलही आहेत, हे त्या मजकुरात क्वचितच येतं. ५५ भाषांतल्या शुभेच्छांमध्ये एक मराठी आहे. यांतल्या बहुतेक शुभेच्छा न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या परिसरात राहणाऱ्या लोकांकडून बोलून घेतल्या. म्हणजे एका परदेशस्थ बाईचा 'नमस्कार' आणि एका परदेशस्थ दुकानातली रेकॉर्ड एकाच तबकडीत बसून आज २४०० कोटी किलोमीटरहून दूर गेली आहेत.

आता तुमच्या तळघराकडे येते. सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेली पिढी आता मोठी घरं विकून लहान जागेत जाते आहे. मुलं म्हणतात, आई, हे सगळं ऑनलाइन आहे, टाकून दे. सगळं ऑनलाइन नाही. आणि जे आहे त्याच्यावर बऱ्याचदा साल चुकीचं, साथीदारांची नावं नाहीत, रेकॉर्डच्या वेष्टनावरचा मजकूर तर नाहीच. गेल्या वर्षभरात ओळखीच्या चार घरांतल्या रेकॉर्डी मी पाहिल्या. त्यांत दुर्मीळ म्हणावं असं थोडंच होतं. पण एका वेष्टनाच्या मागे निळ्या शाईत लिहिलं होतं की ही कोणी, कोणाला, कुठल्या विमानतळावर निघताना दिली.

टाकायच्याच असतील तर आधी एक दुपार काढा. लेबलाचा फोटो, दोन्ही बाजूंचा. तिरप्या उजेडात त्या मधल्या पट्टीतला आकडा. वेष्टनाची मागची बाजू. कोपऱ्यात किमतीचा स्टिकर असेल आणि त्यावर दुकानाचं नाव असेल, तर तो खरवडू नका.