न दिसणारा श्रोता

रेडिओवर भाषण करणाऱ्या माणसाची एक नेहमींची पंचाईत असते. सभेंत बोलणाऱ्या वक्त्याला समोरचे चेहरे दिसतात. कोण जांभई देत आहे, कोण मान डोलावीत आहे, कोण हळूच उठून दाराकडे निघाला आहे, हें त्याला कळतें आणि त्या धोरणानें तो आपलें बोलणें आवरतो किंवा रंगवितो. ध्वनिक्षेपकासमोर बसलेल्या माणसाला यांतलें कांहींच दिसत नाहीं. मला या गोष्टीचें पूर्वी वाईट वाटत असे. अलीकडे मात्र असें वाटूं लागलें आहे कीं, श्रोत्याच्या या न दिसण्यांत श्रोत्याचें एक मोठें स्वातंत्र्य सामावलेलें होतें. गाणें ऐकण्याच्या नव्या सोयींबरोबर तें स्वातंत्र्य कसें निसटत गेलें, याचा इतिहास आज मी आपणांपुढें थोडक्यांत मांडणार आहें.

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्या काळीं आणि पुढेंहि कित्येक वर्षें घरांत रेडिओ ठेवावयाचा तर सरकारी परवाना घ्यावा लागे. म्हणजे कोणत्या घरांत यंत्र आहे, एवढें सरकारास ठाऊक असे. परंतु त्या यंत्रांतून काय ऐकलें जातें, याची नोंद ठेवण्याचें साधन सरकारजवळ नव्हतें. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते मोठे अभिमानी. त्यांच्या कारकीर्दींत आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ नाहींशीं झालीं. लोकांनीं मोर्चे काढले नाहींत. त्यांनीं मुकाट्यानें कळ फिरवून सिलोन लावलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि घरोघर पोंचली. दिवसा कचेरींत मंत्र्यांच्या धोरणाची वाहवा करून रात्रीं सिलोन ऐकणारे सरकारी नोकर त्या वेळीं थोडे नसतील. पण ती गोष्ट फार तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला कळे.

ज्यांना आपली आवड चारचौघांत सांगण्याची हौस होती, त्यांनाहि वाट मोकळी होती. फर्माइशी कार्यक्रमांसाठीं पत्रें पाठवून पाठवून झुमरीतलैया या लहानशा गांवानें आपलें नांव साऱ्या देशाच्या तोंडीं बसविलें. मराठींतल्या ‘आपली आवड’ या कार्यक्रमांत आपल्या घरच्या मंडळींचीं नांवें ऐकण्यासाठीं लोक रेडिओला कान लावून बसत. परंतु तीं पत्रें त्यांनीं स्वतःच्या हातानें लिहिलेलीं होतीं. काय सांगावयाचें, कोणास सांगावयाचें आणि केव्हां गप्प बसावयाचें, हें ठरविणारा श्रोता होता. खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे. तो हा ठरविण्याचा अधिकार होय.

हा अधिकार कोणी एका दिवशीं हिरावून घेतला, असें झालें नाहीं. गाणें घरीं येण्याची तऱ्हा बदलली आणि त्या बदलाबरोबर तो गेला. ग्रामोफोनची तबकडी एकदां दुकानांतून घरीं आली, कीं ती किती वेळां वाजली हें कंपनीला कधींच कळत नसे. इंटरनेटवरच्या संगीतसेवेची गोष्ट वेगळी. तेथें गाणें कंपनीच्या संगणकांत असतें आणि आपण मागितलें कीं तें आपल्याकडे येतें. प्रत्येक मागणीची एक ओळ कंपनीच्या दप्तरीं उमटते: कोणी मागितलें, किती वाजतां, कोठून, पुरें ऐकलें कीं मध्येंच सोडलें. कोणतें गाणें किती वेळां वाजलें हें मोजल्याखेरीज गायकाला आणि संगीतकाराला त्यांचा मोबदला देतां येत नाहीं. त्या मोजणीबद्दल कोणाचीच तक्रार असूं नये. पण गाणें किती वेळां वाजलें हें मोजण्यास ऐकणाऱ्याचें नांव लागत नाहीं. वाद आहे तो या नांवापुरता.

या वादाची पहिली ठिणगी १९९९ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत पडली. सिअॅटल येथील रिअलनेटवर्क्स या कंपनीनें ‘रिअलज्यूकबॉक्स’ नांवाचें सॉफ्टवेअर काढलें होतें. लक्षावधि लोक त्यावर गाणीं ऐकत. एका संगणकतज्ज्ञानें सहज तपासून पाहिलें, तेव्हां असें आढळलें कीं, प्रत्येक वापरणाऱ्याला कंपनीनें एक निराळा क्रमांक दिला आहे, आणि त्यानें कोणती तबकडी लावली, त्याच्या संगणकांत किती गाणीं आहेत, ही माहिती त्या क्रमांकासह कंपनीकडे जात आहे. वापरणाऱ्यास याचा पत्ताच नव्हता. वर्तमानपत्रांत बोभाटा होतांच कंपनीनें क्षमा मागितली आणि ती व्यवस्था बंद करणारी दुरुस्ती पुरविली. आधीं न विचारतां घ्यावयाचें, उघडकीस आलें कीं क्षमा मागावयाची, हा क्रम पुढें अनेकदां दिसून आला.

त्याच वर्षीं निघालेल्या ‘नॅप्स्टर’नें दुसरा पेंच उभा केला. तेथें लोक एकमेकांना गाणीं फुकट देत. कलावंतांचें त्यांत नुकसान होतें आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. मे २००० मध्यें ‘मेटॅलिका’ या वाद्यवृंदानें ३,३५,४३५ वापरणाऱ्यांच्या टोपणनांवांची यादी नॅप्स्टरच्या हवालीं केली आणि त्यांना काढून टाकण्यास सांगितलें. पुढें तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांच्या संघानें टोपणनांवामागच्या खऱ्या माणसाकडे मोर्चा वळविला. ८ सप्टेंबर २००३ रोजीं एकाच दिवसांत २६१ जणांवर दावे लागले. त्यांत न्यूयॉर्कमधील बारा वर्षांची एक मुलगी निघाली आणि तिच्या आईला दोन हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवावें लागलें. न्यायाधीशासमोर फिर्याद न मांडतां, नुसत्या समन्सावर ग्राहकाचें नांव मागतां येतें काय, हा प्रश्न व्हेरिझॉन या टेलिफोन कंपनीनें लढविला. खालच्या कोर्टांत ती हरली; पण डिसेंबर २००३ मध्यें अपील कोर्टानें तिच्या बाजूनें निकाल दिला. चोराला शासन व्हावें हें खरेंच. परंतु कोणाच्या घराचें दार ठोठावावयाचें हें फिर्यादीनें एकट्यानें ठरवूं नये, असा त्या निकालाचा व्यावहारिक परिणाम झाला.

येथें कोणी विचारील कीं, याला आधींपासून कायदा नव्हता काय? होता, आणि त्याची कथा उद्बोधक आहे. १९८७ सालीं रॉबर्ट बोर्क यांचें नांव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठीं सुचविण्यांत आलें. त्या धामधुमींत वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकानें, बोर्क यांच्या घरीं दुकानांतून कोणकोणते चित्रपट भाड्यानें आणले जातात, त्याची यादी छापली. यादींत लाजण्यासारखें कांहींच नव्हतें. पण ती वाचून काँग्रेसच्या सभासदांना आपल्या स्वतःच्या याद्या आठवल्या असाव्यात. कारण पुढच्याच वर्षीं, १९८८ सालीं, चित्रफितींच्या दुकानदारांनीं गिऱ्हाइकाची यादी फोडूं नये असा कायदा झाला. मिशिगन राज्यानें त्याच वर्षीं आणखी पुढें जाऊन पुस्तकें आणि ध्वनिमुद्रित संगीत यांनाहि तसेंच संरक्षण दिलें. जो विकत घेतो, भाड्यानें नेतो किंवा उसनें नेतो, त्याचें नांव सांगूं नये, असे त्या कायद्याचे शब्द होते.

या तीन क्रियापदांवर पुढें सारें अडलें. ‘पँडोरा’ ही इंटरनेटवरील संगीतसेवा फुकट गाणीं ऐकवी आणि मध्यें जाहिराती देई. मिशिगनमधील एका श्रोत्यानें २०११ सालीं तिच्यावर दावा लावला. त्याचें म्हणणें असें कीं, आपण काय ऐकतों याची नोंद कंपनीनें आपली संमति न घेतां लोकांना पाहूं दिली आणि फेसबुकवरील मित्रांपुढें ठेवली. दावा वरच्या कोर्टांपर्यंत गेला आणि शेवटीं मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयास एकच प्रश्न विचारण्यांत आला: फुकट गाणें ऐकणारा हा माणूस कायद्याच्या दृष्टीनें गिऱ्हाईक ठरतो काय? जुलै २०१६ मध्यें उत्तर आलें: नाहीं. त्यानें पैसे दिले नाहींत, म्हणून त्यानें तें भाड्यानें नेलें नाहीं. परत करण्याच्या बोलीनें नेलें नाहीं, म्हणून तें उसनेंहि नव्हे. न्यायालयानें शब्दांचा अर्थ चोख लावला. परंतु १९८८ सालीं कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें दुकानाचा गल्ला आणि हातांत धरतां येणारी फीत होती. हवेंतून येऊन हवेंतच विरणारें गाणें त्यांच्या स्वप्नींहि आलें नव्हतें. वस्तु गेली आणि वस्तूबरोबर कायद्याचें छत्रहि गेलें.

दरम्यान स्वीडनमध्यें २००६ सालीं स्थापन झालेली ‘स्पॉटिफाय’ ही सेवा जगभर पसरत होती. २०११ च्या सप्टेंबरांत तिनें फेसबुकशीं सोयरीक जुळविली. नव्या वापरणाऱ्याला फेसबुकचें खातें काढल्याशिवाय आंत येतां येईना, आणि आपण लावलेलें गाणें आपोआप मित्रांना दिसूं लागलें. ओरड झाली, तेव्हां एकांतांत ऐकण्याची निराळी कळ देण्यांत आली. ऑगस्ट २०१५ मध्यें कंपनीच्या नव्या नियमांत फोनमधील पत्ते, छायाचित्रें आणि माणसाचा ठावठिकाणा यांचा उल्लेख आला. पुन्हां ओरड, आणि संस्थापक डॅनिएल एक यांची जाहीर क्षमायाचना. जून २०२३ मध्यें मात्र स्वीडनच्या सरकारी यंत्रणेनें या कंपनीस ५ कोटी ८० लक्ष क्रोनर दंड केला. लोकांनीं स्वतःविषयींची माहिती मागितली असतां कंपनीनें ती दिली होती. पण तिचा उपयोग कसा होतो हें पुरेसें स्पष्ट सांगितलें नाहीं, एवढाच ठपका होता. कंपनीनें अपील करण्याचें जाहीर केलें. तरी युरोपांत २०१८ पासून अमलांत आलेल्या कायद्याचें वळण यांतून दिसतें. तो वस्तु पाहात नाहीं; माणूस पाहतो. म्हणून फीत गेली तरी तो उरतो.

आपल्या देशाची हकीगत याहून निराळी नाहीं. मे २०१५ मध्यें ‘गाना’ या भारतीय संगीतसेवेचें दप्तर लाहोरच्या एका माणसानें फोडून दाखविलें. एक कोटीहून अधिक लोकांचीं नांवें आणि पत्ते त्यांत असल्याचें सांगण्यांत आलें, आणि सेवा कांहीं काळ बंद ठेवावी लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें ठरविलें कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत निघाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानें करण्याचें ठरलें. या कायद्यांतील एक तरतूद आपण मराठी माणसांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. संमति मागतांना द्यावयाची सूचना इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याहि भाषेंत वाचण्याची सोय असली पाहिजे. आणि मराठी त्या परिशिष्टांत आहे.

“आम्हीं काय गाणीं ऐकतों हें कळलें तर बिघडलें कोठें?” असें पुष्कळ सज्जन विचारतात. मी त्यांना एवढेंच विचारीन, कीं घरांत एखादें माणूस गेल्यावर पहांटे तीन वाजतां जो एकच अभंग पुन्हां पुन्हां लावतो, त्याचें दुःख जाहिरातदाराला कळावें काय? ज्या घरांत अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोड बातमी सांगितलेली नाहीं, तेथें अंगाईगीतें लागूं लागलीं, ही गोष्ट आजीच्या आधीं परक्या कंपनीला कळावी काय? पेटींतल्या पत्रांपेक्षां आणि कपाटांतल्या पुस्तकांपेक्षांहि मनाच्या जवळची अशी ही गोष्ट आहे. कारण पत्र आपण विचार करून लिहितों, गाणें मात्र मनाला लागेल तसें लावतों.

नवीं साधनें टाकून द्यावींत, असें माझें म्हणणें नाहीं. बालगंधर्वांचें पद मनांत येतांच कानीं पडावें, हें सुख लहान नव्हे. आपण इतकेंच करावें, कीं संमतीच्या चौकटीवर बोट टेकण्यापूर्वीं सूचना एकदां मराठींत मागून वाचावी, घरांतल्या मुलांना ती समजावून सांगावी, आणि कायद्याचा तो भाग अमलांत आला, कीं आपलीं गाणीं पुरविणाऱ्या कंपनीस एक पत्र टाकून विचारावें, “माझ्याविषयीं तुमच्या दप्तरीं काय लिहिलेलें आहे?” फर्माइशीचें पत्र लिहिण्याची आपल्याकडे जुनी संवय आहे; तींत या एका पत्राची भर पडावी.

माझें हें भाषण आज कोणत्या घरीं ऐकलें गेलें आणि कोणत्या घरीं मध्येंच बंद झालें, हें मला कळणार नाहीं. आपण रेडिओवर तें ऐकलें असेल, तर दुसऱ्या कोणासहि कळणार नाहीं. फोनवर ऐकलें असेल, तर कोठें तरी त्याची एक ओळ उमटली असेल. ती ओळ कोणाच्या मालकीची, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाहीं.