किलिमांजारोचा बर्फ आणि त्याचे साक्षीदार

विषुववृत्तापासून अवघ्या तीन अंशांवर बारमाही बर्फ आहे, असे इ. स. १८४९ मध्ये छापून आले, तेव्हा लंडनच्या काही विद्वानांनी नाके मुरडली. ज्या मुलखात उन्हाने माणूस करपतो, तिथे म्हणे बर्फ! सांगणारा गृहस्थ मात्र कोणी गप्पिष्ट नव्हता. योहान्नेस रेबमान हा जर्मन मिशनरी मोंबासाजवळ रबाई येथे राहत असे. ११ मे १८४८ रोजी, किनाऱ्यापासून कित्येक दिवसांची पायपीट केल्यावर, त्याला दूरवर एक प्रचंड पर्वत दिसला आणि त्याच्या माथ्यावर काहीतरी पांढरे चमकताना दिसले. ते काय, म्हणून त्याने वाटाड्याला विचारले. वाटाड्याने उभ्या जन्मात बर्फ पाहिलेला नव्हता. तो म्हणाला, "बारिदी". म्हणजे थंडी. हिवाळ्यात बर्फ तुडवतच लहानाचा मोठा झालेल्या रेबमानला तेवढा एक शब्द पुरला.

पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या चागा लोकांना या थंडीची ओळख चांगली होती. रेबमानने त्यांच्याकडून एक हकिगत ऐकली. एका चागा राजाला वाटले की, वर चमकते ती चांदीच असावी. ती आणायला त्याने माणसे पाठवली. त्यांतला एकच जण जिवंत परतला, तोही हातपाय थंडीने झडलेल्या अवस्थेत. बर्फाचा याहून सज्जड पुरावा कोणता हवा होता?

पण लंडनला विल्यम डेस्बरो कूली नावाचे एक भूगोलपंडित होते. आफ्रिकेवर त्यांनी पुष्कळ लिहिले. मात्र हे साहेब आफ्रिकेत कधी गेले नाहीत! जुन्या पोथ्या आणि नकाशे चाळून त्यांनी निकाल दिला की, मिशनऱ्याला भास झाला असावा. पुढे १८६२ मध्ये बॅरन फॉन डेर डेकेन हा धनिक प्रवासी ऑटो केर्स्टनबरोबर सुमारे चौदा हजार फुटांपर्यंत चढला आणि रात्री त्यांच्या अंगावर हिमवृष्टी झाली. यावर कूलीसाहेबांचे म्हणणे असे की, बॅरनला हवा तेव्हा नेमका बर्फ पडला, ही मोठी नवलाचीच गोष्ट! विद्वत्तेचा हट्ट कोणत्या थराला जातो, याचा हा नमुना जपून ठेवण्याजोगा आहे.

रेबमान मात्र वाद घालत बसला नाही; रबाईतच राहिला. इथे आपल्याकडचा एक धागा येऊन मिळतो. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी त्याच्याच मिशनचा एक आश्रम नाशिकजवळ शरणपूरला होता. तिथे वाढलेले काही तरुण १८६४ साली त्याच्या मदतीला रबाईस गेले. गोदाकाठी लहानपण घालवून ती मुले पुन्हा आपल्या खंडाच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल, कोण जाणे. रेबमानची दृष्टी पुढे गेली. एकोणतीस वर्षांनी, १८७५ मध्ये, तो जर्मनीला परतला तो आंधळा होऊन, आणि पुढच्याच वर्षी वारला.

बर्फ खरा ठरला. आता त्यावर पाय ठेवायचा होता. लाइपझिगच्या प्रकाशक घराण्यातल्या हान्स मायरने १८८७ मध्ये प्रयत्न केला, पण बर्फाच्या भिंतीने त्याला अडवले. १८८८ मध्ये तर पर्वत दूरच राहिला. किनाऱ्यावरच्या बंडात तो पकडला गेला आणि खंडणी भरून सुटला. तिसऱ्या खेपेस, १८८९ मध्ये, त्याने साल्झबर्गचा व्यायामशिक्षक लुडविग पुर्टशेलर याला सोबत घेतले आणि एक शहाणपण केले. वरच्या अंगाला तळ ठोकून, खालच्या मारांगूहून हमालांकरवी ठरावीक दिवसांनी शिधा पोहोचेल अशी व्यवस्था लावली. आधीच्या चढाया भुकेपायी फसल्या होत्या, हे त्याने ओळखले होते. ३ ऑक्टोबरला दोघे कुऱ्हाडीने बर्फात पायऱ्या खोदत ज्वालामुखीच्या काठावर पोहोचले. पण सर्वांत उंच टोक काठाच्या पलीकडच्या अंगाला होते, आणि अंगात त्राण उरले नव्हते. ते माघारी फिरले. ६ ऑक्टोबरला मात्र १९,३४० फुटांचा तो माथा त्यांच्या पायांखाली आला. त्याच दिवशी पुर्टशेलरला चाळीस वर्षे पूर्ण झाली. असा वाढदिवस कोणाच्या वाट्याला येतो? मायरने शिखराला जर्मन कैसरचे नाव दिले आणि माथ्यावरचा एक दगड फोडून पुढे कैसरला नजर केला. पोट्सडॅमच्या राजवाड्यातल्या भिंतीत तो बसवण्यात आला.

दगडाची एवढी बडदास्त! आणि माणसांची? हे दोघे बर्फात झुंजत होते, तेव्हा चौदा हजार फुटांवरच्या तंबूत, कडाक्याच्या थंडीत, पांगानीचा म्विनी अमानी नावाचा एक माणूस त्यांची चूल सांभाळत होता. त्याचे नाव तरी मायरच्या पुस्तकात आले. योहानी किन्याला लावो या चागा वाटाड्याचे नाव मात्र १८८९ च्या चढाईला १०० वर्षे झाली, तेव्हा कोठे जगापुढे आले. आपण त्या तुकडीबरोबर होतो, असे हा वयोवृद्ध गृहस्थ सांगे. काही अभ्यासक यावर शंका घेतात. शंका जरूर घ्यावी. पण कूलीसाहेबांची आठवण ठेवून घ्यावी.

९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला. त्या रात्री अलेक्झांडर न्यिरेंडा या लष्करी अधिकाऱ्याने माथ्यावर नव्या राष्ट्राचा झेंडा रोवला आणि मशाल पेटवली. कैसरचे नाव गेले आणि शिखर उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, झाले. ज्या बर्फावर एवढा वाद माजला, त्याचे १९१२ साली मोजलेले क्षेत्र पुढच्या शंभर वर्षांत सुमारे ८५ टक्क्यांनी घटले.

हल्ली माथा गाठून आलेल्या प्रवाशाला खाली उतरल्यावर उद्यानाच्या फाटकापाशी प्रशस्तिपत्र मिळते. त्यावर चढणाऱ्याचे नाव असते, आणि खाली वाटाड्याची सही.