गावगाड्यातील सुतार-लोहार आणि त्यांचे बलुते

आपल्या समाजाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे प्रभू विश्वकर्म्याच्या पाच पुत्रांपासून प्रारंभ करावयाचा आणि मधले शेकडो वर्षांचे ग्रामजीवन एका वाक्यात आटोपावयाचे, अशी प्रथाच पडून गेली आहे. आम्ही ती बाजूस ठेवून नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेड्यांत आपल्या वाडवडिलांनी कोणती सेवा केली व तिचा मोबदला कसा घेतला, एवढ्याचाच येथे विचार करणार आहोत. कारण 'बलुते' हा शब्द उच्चारताना आपल्या तरुण मंडळींस अलीकडे संकोच वाटतो. बलुते म्हणजे खळ्यावर जाऊन पदर पसरणे, अशी त्यांची समजूत. ती आम्हांस सर्वस्वी चुकीची वाटते.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा तीन ओळी सांगितल्या असून सुतार व लोहार हे थोरल्या ओळीत येतात. ज्याचे काम शेतीस अधिक, त्याचा वाटा अधिक, हा त्यामागील हिशेब होता. पाडव्यापासून मृगापर्यंत सुताराच्या दारी औतांची रीघ लागे. नांगर, वखर, तिफण यांची दुरुस्ती बलुत्यात, नवी गाडी घडविली तर तिचा मोबदला निराळा, लाकूड कुणब्याचे. रोख पैसा कोणी मागत नसे. मेहनत उन्हाळ्यात, मोबदला सुगीला! म्हणजे वस्तुतः सुतार-लोहार हे शेतकऱ्यास आपले श्रम सहा-आठ महिने उधार देत असत. उसनवार देणाऱ्यास याचक कसे म्हणावे?

या कामातील कौशल्य वाचकांनी ध्यानी घ्यावे. तिफणीचे चाडे वरवर पाहता लाकडाची एक वाटीच. परंतु तिच्या तीन छिद्रांत किंचित फरक पडला, तर एका तासात बी दाट व दुसऱ्यात विरळ पडे आणि त्या चुकीची साक्ष सारे शिवार चार महिने देई. गाडीच्या चाकास धाव चढविणे हा तर सुतार व लोहार या दोघांचा कस पाहणारा प्रसंग. तुंबा, आरे व पाटे सुताराने जुळवावयाचे. लोहाराने चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान अशी लोखंडी धाव करून ती गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवावयाची. तापल्याने ती फुगे. तशीच चाकावर बसवून वर पाणी ओतले की आवळून सारे सांधे घट्ट होत. औताला बाभूळ आणि वाड्याच्या खांब-तुळयांना साग, ही लाकडाची सामान्य निवड. सागवानाचे मोठे रान किनवट-माहूरकडे. (किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, हे पुष्कळांस आज ठाऊक नसते.) बैलजोडी देवणी किंवा लाल कंधारी, आणि ती पाहण्याची मोठी जागा म्हणजे माळेगावची खंडोबाची यात्रा.

तथापि जुन्या व्यवस्थेचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. पाऊस फसला की खळे रिकामे, आणि खळे रिकामे की सुताराची चूलही थंड. शिवाय ज्या थोरल्या ओळीत आपण होतो, त्याच ओळीत महार व मांग बांधवही होते. त्यांचे श्रम गावास हवे होते, स्पर्श मात्र नको होता. हे सांगितल्याशिवाय गावगाड्याचा इतिहास प्रामाणिक होत नाही.

हा गाडा एका दिवसात मोडला नाही. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोहोचली आणि लातूरची पेठ वाढली. मालाच्या गाड्यांना मागणी असल्याने ही रेल्वे प्रथम आपणांस पथ्यावरच पडली. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, तेव्हा सुताराच्या नांगरावर पहिला घाव बसला. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामी राजवट संपली, १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, आणि हळूहळू गावातही रोखीचा व्यवहार रुजला. १९७२ च्या दुष्काळात कित्येक कारागिरांनी वाकस ठेवून खडी फोडली. पुढे ट्रॅक्टर आला, सोयाबीन आले, आणि लाकडी तिफण कोपऱ्यात उभी राहिली.

एक सेवा मात्र गाव विसरले होते, तिची आठवण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने करून दिली. सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदावरील मातीचा भार हे त्या संहाराचे मुख्य कारण. परंतु जेथे माळवद भिंतींवर नव्हे तर खांब-तुळयांच्या सांगाड्यावर तोललेले होते, तेथे काही घरांच्या भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिला. त्या सांध्यांचे बलुते कोणत्या सुताराने किती पायली घेतले असेल?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनीच, केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतार व लोहार दोन्ही आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. कर्जाचा हप्ता मात्र महिन्याचा असतो, सुगीचा नव्हे.

ज्या कुटुंबांत बलुत्याच्या जुन्या वह्या, सनदा किंवा वडिलार्जित हत्यारे अद्याप जपून ठेवलेली असतील, त्यांनी त्यांची नक्कल अगर छायाचित्र मंडळाकडे अवश्य पाठवावे.